कंपवात आणि न हसणारा चेहरा

कंपवात (पार्किन्सन्स) म्हटलं की लोकांना थरथरणारा हात आठवतो. सांभाळणाऱ्याला मात्र सगळ्यात जड जातो तो चेहरा. मेंदूत डोपामिन हे हालचालींना लागणारं रसायन कमी पडलं की आपसूक होणाऱ्या हालचाली आटतात: पापण्या कमी मिटतात, हसू ओठांवर येत नाही, चालताना हात झुलत नाहीत. आतलं माणूस तसंच असतं, फक्त ते चेहऱ्यावर उमटत नाही. हे नीट न कळल्यामुळे ‘ह्यांना आता आपलं काही वाटत नाही’ अशी गाठ मनात बसते. माझ्याही बसली होती, आणि ती सुटायला गोळ्या समजून घेण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

ह्यांच्या आजाराला आता ११ वर्षं झाली. चेहरा बघून मन ओळखायचं मी सोडून दिलं आहे. सरळ विचारते, तेही समोर बसून, टीव्ही बंद करून, एका वेळी एकच प्रश्न. विचारलं की मनात दहापर्यंत मोजते. प्रश्न कळलेला असतो, उत्तर जुळवून आवाज काढायला वेळ लागतो. मधेच प्रश्न पुन्हा विचारला की आधीची जुळवाजुळव मोडते. आवाजाचंही तसंच. तो बारीक झालाय हे त्यांना स्वतःला जाणवत नाही, आपण नेहमीसारखंच बोलतोय असं वाटतं. दिवसभर ‘मोठ्यानं बोला’ म्हणण्यापेक्षा वाचा-उपचारतज्ज्ञांकडून लांब ‘आ’ काढण्याचा आणि खणखणीत आकडे म्हणण्याचा सराव शिकून घ्यावा आणि रोज करावा.

गोळ्यांच्या बाबतीत घड्याळ हेच खरं. गोळीतला लेवोडोपा, म्हणजे मेंदूत ज्याचं डोपामिन होतं ते औषध, रक्तात फार टिकत नाही, दीड तासाच्या आसपास त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. सुरुवातीच्या वर्षांत हे जाणवत नाही, कारण मेंदूतल्या उरलेल्या पेशी डोपामिन साठवून ठेवतात. पुढे साठवण संपते आणि गोळीचा असर उतरला की अंग लाकडासारखं होतं. त्यात प्रथिनं आणि लेवोडोपा आतड्यातून एकाच वाटेनं रक्तात शिरतात. दुधासोबत किंवा भरपूर प्रथिनं असलेल्या जेवणाबरोबर घेतलेली गोळी म्हणून वाया गेल्यासारखी होते. आम्ही ती जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर एक तासानं देतो. लोहाची गोळी असेल तर दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवतो. बद्धकोष्ठ वाढलं तरी गोळी उशिरा लागू पडते, त्यामुळे पोट साफ आहे ना हे बघणं औषधाइतकंच महत्त्वाचं.

एका वहीत चार रकाने आखा: गोळीची वेळ, जेवणाची वेळ, अंग कधी मोकळं झालं, कधी पुन्हा आखडलं. भेटीआधीच्या सलग तीन-चार दिवसांची अशी नोंद असली की मेंदूविकारतज्ज्ञांना डोस बदलायला आधार मिळतो. ‘बरं नाही वाटत’ एवढ्यावरून त्यांनी तरी काय ठरवायचं?

या गोळ्या अचानक कधीही बंद करू नयेत. तीव्र ताप, ताठरपणा आणि भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. दुसऱ्या कुठल्या कारणानं रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर गोळ्यांच्या नेमक्या वेळा आल्या आल्या लेखी द्या आणि पाठपुरावा करा, कारण वॉर्डाच्या औषधवाटपाच्या वेळा वेगळ्या असतात. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड आणि भ्रमावरचं हॅलोपेरिडॉल ही दोन्ही डोपामिनचं काम अडवतात. त्यांची नावं मी ह्यांच्या खिशातल्या कार्डावर लाल शाईनं लिहून ठेवली आहेत.

चालता चालता पाय जमिनीला चिकटतात. दाराच्या उंबऱ्यात, वळताना, घाई असताना हे हमखास होतं. अशा वेळी हात धरून पुढे ओढू नका. धड पुढे जातं, पाय मागे राहतात आणि माणूस तोंडावर पडतं. पूर्ण थांबायचं. एक श्वास. वजन एका पायावर घ्यायचं आणि दुसरा पाय मुद्दाम उंच उचलायचा. ‘एक-दोन, एक-दोन’ असा ठेका दिला किंवा त्यांच्या पावलासमोर आपलं पाऊल आडवं ठेवून ते ओलांडायला सांगितलं तरी पाय सुटतो. आपसूक चालणं बिघडलेलं असतं. डोळ्यांना किंवा कानांना खूण मिळाली की मेंदू दुसऱ्या वाटेनं काम करतो. म्हणून नेहमी अडायला होतं तिथे जमिनीवर एकेका पावलाच्या अंतरानं रंगीत चिकटपट्ट्या लावा. वळताना जागच्या जागी गिरकी नको, मोठा अर्धगोल घ्यायचा.

उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर आडवं असताना, उभं राहिल्यावर एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी रक्तदाब मोजा. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर डॉक्टरांना लगेच सांगा.

जेवताना ताठ बसवायचं, घास लहान, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. पाणी पिताना ठसका लागणं किंवा जेवल्यावर आवाज ओला येणं ही घास किंवा पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जात असल्याची खूण असू शकते. गिळण्याची तपासणी करून घ्यावी, कारण पुढचा न्युमोनिया फार महागात पडतो.

आता श्रद्धेबद्दल. पहिली काही वर्षं मी आजार पूर्ण बरा व्हावा म्हणून प्रार्थना करत होते. आजच्या औषधांनी लक्षणं आटोक्यात राहतात, पेशींची झीज थांबत नाही. हे मान्य केल्यावर माझी श्रद्धा कमी झाली नाही, मागणं लहान झालं: आजची सकाळची गोळी वेळेत लागू पडू दे. ‘मुळापासून बरा करतो’ म्हणणाऱ्यांपासून मात्र लांब राहावं. मायेपोटी कुणी खाजकुयलीची पूड आणून देतं. तिच्या बियांत निसर्गतःच लेवोडोपा असतो. न सांगता सुरू केली तर डोस नकळत वाढतो, अंग वेडंवाकडं हलू लागतं, रक्तदाब पडतो.

पहाटेची गोळी लागू पडेपर्यंतची तीसचाळीस मिनिटं सगळ्यात अवघड असतात, हलता येत नसतं आणि मन खचलेलं असतं. तो वेळ आम्ही प्रार्थनेला दिला आहे. पाठ असलेली, ठेक्यातली, मोठ्यानं म्हणायची. बोलताना अडणारे शब्द तालावर सुटतात आणि आवाजाचा व्यायामही होतो. एकमेकांचा सूर ऐकू येतो, हे मला चेहऱ्यावरच्या हसण्याइतकंच वाटतं.

नसलेली माणसं दिसू लागली तर वाद घालू नका. ‘मला दिसत नाही, पण मी इथेच आहे’ म्हणा, दिवा लावा. असं अचानक सुरू झालं तर लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, नवीन औषध ही कारणं आधी तपासून घ्यायची.

आपल्याकडच्या स्वमदत गटांत रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. शुभंकराची झोप सलग मोडत राहिली की चिडचिड होते, आणि ती नेमकी त्या न हसणाऱ्या चेहऱ्यावर निघते. आठवड्यातून किमान तीन तास दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवून बाहेर पडा. त्या माणसासाठी एक कागद लिहून ठेवा. माझ्या कागदावर गोळ्यांच्या वेळा आहेत, ‘ओढू नका’ आहे, फोन नंबर आहेत, आणि सगळ्यात वर ठळक अक्षरांत लिहिलं आहे: विचारलंत की थांबा, उत्तर येतं.