नेरळची विनानांगरणीची भातशेती: काय पाहावं, काय विचारावं

नेरळला सगुणा राईस तंत्राची, म्हणजे एसआरटीची शेती पाहायला जायचं असेल तर भात कापून झाल्यावर जा. पीक उभं असताना नजर लोंब्यांवर खिळते, फुटवे मोजले जातात, फोटो निघतात आणि माणसं खूश होऊन घरी जातात. या शेतीतली खरी घडामोड जमिनीखाली आहे. ती बघायला खाचर मोकळं हवं आणि हातात खुरपं हवं. म्हणून मी आणि माझी मामेबहीण नोव्हेंबरच्या अखेरीस गेलो. तिची मुरबाडकडे भातशेती आहे. यंदा आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, माणसं मिळाली नाहीत आणि निम्मी खाचरं तशीच पडून राहिली. तिला नुसतं फिरायचं नव्हतं, निर्णय घ्यायचा होता, त्यामुळे प्रश्नही तिनेच जास्त विचारले.

ज्यांना हे तंत्र अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी ते विकसित केलं. जमीन एकदाच नांगरून कायमचे गादीवाफे पाडायचे. वाफ्याचा माथा साधारण १०० सेंटिमीटर रुंद, दोन्ही बाजूंना सऱ्या. लोखंडी साच्याने ठरावीक अंतरावर भोकं पाडून भाताचं बी टोकायचं. राब, म्हणजे रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन भाजणं, नाही, रोपवाटिका नाही, चिखलणी नाही, आवणी नाही. भात कापल्यावर धसकटं उपटायची नाहीत, मुळं जागच्या जागी कुजू द्यायची आणि त्याच वाफ्यावर वाल, मूग, चवळी किंवा भुईमूग टोकायचा. पुढच्या पावसात पुन्हा भात, त्याच वाफ्यावर. नांगर परत लावायचा नाही.

कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर ऊस आणि भातात विनानांगरणीची शेती अनेक वर्षं करत आले आहेत. पिकाचे जमिनीखालचे अवशेष जमिनीतच कुजू द्यावेत, तेच सूक्ष्मजीवांचं उत्तम खाद्य, हे ते भू-सूक्ष्मजीवशास्त्राच्या आधाराने सतत मांडत आले. नेरळची शेती पाहायला जाण्याआधी त्यांचे विचार वाचून जा, खाचरात काय शोधायचं ते कळतं.

आता चिखलणीबद्दल. ती आपल्या आजा-पणजांनी विचार करूनच स्वीकारली होती. चिखल केला की मातीचे कण सुटे होतात, बारीक गाळ खाली बसून छिद्रं बुजवतो, पाणी खाचरात उभं राहतं, तण दबतं आणि मऊ चिखलात रोप चटकन रोवता येतं. मोल द्यावं लागतं ते जमिनीला. दरवर्षी त्याच खोलीवर काम होऊन खाली कडक थर तयार होतो. साचलेल्या पाण्याखाली हवा संपते, आणि बिनहवेच्या मातीत जे जिवाणू फोफावतात ते मिथेन सोडतात. बुरशीचे धागे तुटतात, गांडुळं टिकत नाहीत. पाऊस संपला की तीच माती टणक होऊन भेगाळते. मग वाल पेरायचा तर आधी नांगरट करावी लागते आणि तेवढ्या दिवसांत ओल उडून जाते. नेरळ ज्या कर्जत तालुक्यात आहे तिथे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि तरीही दुबार पिकासाठी ओल पुरत नाही, ही गोष्ट मला फार लागते.

आम्ही दोन ठिकाणी खणलं. आधी मालकांना विचारून, आणि हे सगळ्यांनीच पाळावं, बांधापलीकडच्या नेहमीच्या खाचरात. वरचा थर कुदळीनेच फुटला. ढेकूळ हातात घेतलं तर गुळगुळीत, कडा धारदार. वीतभर खाली कुदळीचा आवाजच बदलला, तो कडक थर लागला होता. भाताची मुळं तिथपर्यंत जाऊन आडवी वळलेली स्पष्ट दिसत होती. मग एसआरटीच्या वाफ्यावर आलो. तिथे अनेक वर्षं नांगर लागलेला नाही. खुरपं सहज आत गेलं. माती वर आली ती चुरमुऱ्याच्या लाडवासारखी, दाणा दाण्याला धरून आणि मधे पोकळ्या. धसकटाखालची मुळं काळपट पडून अर्धी कुजली होती आणि काही मुळांच्या जागी नुसती नळी उरली होती. या नळ्यांवर लक्ष ठेवा. मूळ कुजून गेलं तरी त्याची वाट राहते. त्या वाटेने पाणी उतरतं, हवा जाते, आणि पुढच्या पिकाचं कोवळं मूळ आयतं खाली पोहोचतं. मामेबहिणीने एक मूठ माती नाकाशी धरली आणि बराच वेळ काही बोलली नाही. पहिल्या पावसाला येतो तो वास. मातीतले ॲक्टिनोमायसिट्स जातीचे जिवाणू जिओस्मिन नावाचा पदार्थ तयार करतात, त्याचा तो. नेहमीच्या खाचरातल्या मातीला तो जवळजवळ नव्हताच.

गांडुळं दिसली, वरच्या थरात त्यांची विष्ठाही दिसली. पण नोव्हेंबरच्या अखेरीस वरची ओल कमी व्हायला लागते आणि गांडुळं खाली सरकतात. ज्यांना गांडुळंच मोजायची आहेत त्यांनी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, उघडीप मिळालेल्या दिवशी जावं. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल माती फडक्यावर काढून मोजा आणि लगेच परत भरा.

बरोबर नेण्यासारख्या वस्तू फार नाहीत. खुरपं, दोन पारदर्शक बरण्या, पाण्याची जादा बाटली, छोटं भिंग आणि पाइपचा पाच-सहा इंच व्यासाचा, वीतभर उंचीचा तुकडा. बरण्यांत पाणी भरायचं आणि दोन्ही शेतांतलं वाळलेलं ढेकूळ एकेकात अलगद सोडायचं. नांगरलेल्या, चिखलणी केलेल्या जमिनीचं ढेकूळ पाहता पाहता विरघळतं आणि पाणी गढूळ होतं. मुळांनी आणि बुरशीच्या धाग्यांनी बांधलेलं ढेकूळ तसंच राहतं. आमचं एसआरटीचं ढेकूळ आम्ही जेवून आलो तरी बरणीत टिकून होतं. पाइपचा तुकडा जमिनीत दोन बोटं ठोकून आत पाणी ओतायचं आणि घड्याळ लावायचं. व्यास सहा इंच असेल तर साधारण ४५० मिलिलिटर पाण्याने एक इंच पावसाचं माप होतं. आमच्या वाफ्यावर ते पाणी मुरायला लागलेला वेळ आणि पलीकडच्या खाचरातला वेळ यांत इतका फरक होता की दुसऱ्याची वाट न पाहता आम्ही उठलो. कोकणातल्या पावसात हा फरक म्हणजे माती वाहून जाणं आणि जागेवर राहणं यातला फरक आहे.

वाल उगवून चांगला वर आला असेल तर एक रोप मालकांच्या परवानगीने हलकेच खणून काढा, उपटू नका, उपटलं की गाठी तुटून मातीत राहतात. मुळांवरची गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी, लालसर निघाली तर रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र बांधण्याचं काम करताहेत. पांढरट किंवा हिरवट असेल तर ती गाठ काम करत नाही. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण वाल फक्त बोनस पीक आहे असं बरेच जण धरतात. पुढच्या भाताच्या नत्राची थोडी सोय तो आत्ताच करत असतो, आणि उन्हापासून वाफा झाकतोही.

जवळच्या एका वाडीत एका मावशींनी आम्हाला चहाला थांबवलं. त्यांच्याकडे काही वाफे एसआरटीचे, काही जुन्या पद्धतीचे. मी मातीबद्दल विचारत होतो, त्यांनी कमरेबद्दल सांगितलं. "आषाढात दिवसभर वाकून आवणी केलीय मी, पोर पोटात असताना पण केलीय. आता टोकणीला बसून पुढं सरकायचं. सूनबाईला ते दिवस नको." माझ्या टिपणवहीत ही गोष्ट नव्हती आणि ती असायला हवी. जमिनीचं आरोग्य आपण मोजतो, पण चिखलात वाकणाऱ्या बाईच्या शरीराचा हिशेब कुठल्याच तक्त्यात येत नाही. राबाचंही तसंच. उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण, कवळं (झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या) अंथरून जाळायचा, त्यासाठी आधी रानातून डोक्यावरून वाहून आणायचा, हेही बहुतेक बायांनीच. राब भाजला की तणाचं बी मरतं, राखेतून पालाश मिळतं हे खरं. पण जो पाला कुजून मातीत जायचा तो धुरात जातो.

आता तणनाशकाचा प्रश्न. तो टाळून परत येऊ नका. या पद्धतीत टोकणीनंतर उगवणपूर्व तणनाशक फवारतात आणि कापणीनंतर धसकटं पुन्हा फुटू नयेत म्हणून ग्लायफोसेट हे तणनाशक वापरतात. जमिनीतल्या जीवांसाठी नांगर सोडायचा आणि वरून रसायन मारायचं, हे माझ्या मनाला पटत नाही, आणि तिथे मी तसं स्पष्ट बोललोही. तिथल्या लोकांचं म्हणणं असं की नांगरट आणि चिखलणी मातीची जेवढी मोडतोड करतात त्या मानाने हे कमी आहे, आणि मुळं जागेवर कुजल्याचा फायदा फार मोठा. हा हिशेब मी उडवून लावणार नाही, वाफ्यातली माती मी हातात घेतली आहे. पण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला 'माणसात बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं आणि २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या वापरावर निर्बंध घालणारी अधिसूचना काढली, हेही विसरून चालणार नाही. सध्याचा नियम काय आहे ते आपल्या तालुका कृषी अधिकाऱ्यांना विचारूनच पुढे जा. ज्यांची शेती दहा-वीस गुंठ्यांची आहे त्यांनी माझ्या मते तण जमिनीलगत कापून वाफ्यावरच अंथरावं. मजुरी लागते, पण मूळ आत राहतं, आच्छादन मिळतं आणि विहिरीची काळजी राहत नाही. मामेबहिणीने हाच रस्ता धरायचं ठरवलं आहे. फवारणी करणारच असाल तर हातमोजे, तोंडाला मास्क, आणि ओढ्यालगतच्या वाफ्यांवर अजिबात नाही.

कुठल्या खाचराला हे जमेल तेही पाहून घ्या. ज्यात पावसाळाभर गुडघाभर पाणी साचतं, निचऱ्याला वाटच नाही, अशा खोलगट खाचरात सुरुवात करू नये. टोकलेलं बी उगवायच्या आत बुडालं तर हंगाम गेला. पहिला पाऊस पडून जमीन भिजली की टोकणी उरकावी लागते, जूनच्या मोठ्या झडीत सापडून चालत नाही. सुरुवातीला पाखरं आणि उंदीर बी खातात, आणि पहिल्या एक-दोन हंगामांत तण जास्त वाटतं, हे आम्हाला भेटलेल्या जवळजवळ प्रत्येकाने सांगितलं. सगळ्यात मोठी अडचण मात्र शेताबाहेरची आहे. भात कापलं की गावोगावी गुरं मोकळी सोडतात. एकट्याच्या शेतात वाल हिरवा दिसला की सगळी गुरं तिथेच येणार. त्यामुळे शेजारच्या चार-पाच जणांना बरोबर घेतल्याशिवाय किंवा कुंपणाची सोय केल्याशिवाय दुसऱ्या पिकाचं गणित मांडू नका. पाहायला जातानाही शेजाऱ्यांनाच घेऊन गेलात तर उत्तम, घरी येऊन समजावत बसावं लागत नाही.

जाण्याची सोय सोपी आहे. मुंबईकडून कर्जत लोकलने नेरळला उतरायचं, सीएसएमटीहून दोन तासांच्या आसपास लागतात. पुण्याकडून येणाऱ्यांनी कर्जतला उतरून मुंबईकडची लोकल धरावी, भिवपुरी रोड आणि मग नेरळ. स्टेशनबाहेर रिक्षा मिळतात. शनिवार-रविवार माथेरानच्या गर्दीने नेरळ फुलून जातं, त्यामुळे मधल्या वारी जा. सगुणा बाग हे कृषी पर्यटनाचं ठिकाणही आहे, म्हणून फोन करताना पर्यटनाला नाही तर एसआरटी समजून घ्यायला येतोय हे स्पष्ट सांगा आणि शेत दाखवणारा माणूस हवा म्हणून आधीच वेळ ठरवा. आजूबाजूच्या गावांतली, स्वतःच्या खर्चाने हे करणारी एक-दोन शेतं दाखवायची विनंती जरूर करा. मूळ ठिकाणी सगळं नीटनेटकं असतं, अडचणी कळतात त्या छोट्या शेतकऱ्याच्या वाफ्यावर. घाई नको, सकाळी लवकर पोहोचून दुपारपर्यंत शेतातच राहा. जानेवारी-फेब्रुवारीत गेलात तर याच वाफ्यांतल्या वालाच्या शेंगा पोपटीत, म्हणजे मडक्यात भाजून, खायला मिळतील.

परतताना वेळ असेल तर कर्जतचं प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र पाहून घ्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं हे केंद्र, कर्जत नावाने ओळखले जाणारे भाताचे वाण तिथलेच. आपल्या खाचराला हळवं (लवकर तयार होणारं), निमगरवं (मध्यम मुदतीचं) की गरवं (उशिरा तयार होणारं) भात बसेल हे तिथे विचारता येतं. वालासाठी ओल राखायची असेल तर हळवं किंवा निमगरवं घेतलेलं बरं, कापणी लवकर होते. बियाण्याची चौकशी उन्हाळ्यातच करा, जूनमध्ये धावपळ होते. आणि जायच्या आधी घरच्या खाचरात सुती कापडाचा एक तुकडा वीतभर खोल पुरून ठेवा, खूण करून. दीड-दोन महिन्यांनी काढला की आपल्या मातीतल्या जिवांनी तो किती खाल्ला ते दिसेल. वाफे पाडल्यावर दरवर्षी त्याच महिन्यात, तेवढ्याच खोलीवर असाच तुकडा पुरा आणि तारीख लिहून काढलेला तुकडा जपून ठेवा.