पोदेर उभा राहिला, हात बाकी

12 जूनपर्यंत पोदेर, म्हणजे आमच्या गोव्यातल्या भोंगा वाजवत फिरणाऱ्या पाववाल्याचा टाकाऊ वस्तूंचा पुतळा, पुरा करायचा ठरवलं होतं. 2015 साली याच तारखेला नेकचंद सैनी गेले. त्यांनी उभारलेली टाकाऊ वस्तूंच्या पुतळ्यांची बाग, चंदीगडचं रॉक गार्डन, बघून आल्यापासून मला हा नाद लागलाय, तेव्हा त्या दिवशी आमच्या म्हापशाच्या परसात काहीतरी उभं असावं, इतकंच. तर पोदेर उभा आहे. डावा हात अजून नाही.

सांगाडा सोपा गेला. सायकलच्या फोर्कच्या दोन दांड्या म्हणजे पाय, वरची नळी म्हणजे कणा. नेकचंदांच्या बाहुल्यांनाही असेच फोर्कचे पाय असत, आणि सीटची ते जनावरांची तोंडं करत. छातीला खुराड्याची जाळी, आत फाटक्या गोण्या ठासल्या. डोक्यावरची पावाची टोपली म्हणजे टेबल फॅनची जाळी, उताणी. भोंगा मात्र खरा. परवा पोरांनी तो वाजवला आणि शेजारच्या वहिनी पिशवी घेऊन बाहेर आल्या!

खरी मजा सदऱ्यात. तीन वाटे रेती, एक वाटा सिमेंट, त्यात बांगड्यांचे तुकडे. पहिल्या दिवशी मी ते आडवे, चपटे बसवले, रंगांच्या पट्ट्या आखून. दिसायला थेट बाथरूमची भिंत. खरवडून काढलं. मग तुकडे कडेवर उभे खुपसले, अगदी दाटीवाटीने, बाक एकाच दिशेला. आता सकाळचं ऊन पडलं की सदरा सळसळल्यासारखा वाटतो. मोजे घाला, मंडळी. मी घातले नाहीत आणि दोन दिवस जेवण चमच्याने झालं.

तुकडे शुक्रवारच्या बाजारातल्या कासाराकडचे. निम्मे हिरवे, कारण लग्नाचे चुडे. आईला ते घरात आलेले आवडले नाहीत. ‘फुटक्या’ म्हटलं तर म्हणाली, ‘फुटक्या नाही म्हणायचं, वाढलेल्या म्हण.’ डबा परसातच ठेवायचा, ही अट.

नेकचंदांचा डबा अख्खं शहर होतं. ते सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यांवर देखरेख करणारे. नवं चंदीगड बांधताना गावं पाडली, त्यांचा राडारोडा ते सायकलवरून रानात नेत. 1957 पासून जवळपास 18 वर्षं, सरकारी जागेत, चोरून! (माझ्याकडे तार वाकवली तरी पोस्टमन चौकशी करतो.) 1975 च्या सुमारास ते उघडकीला आलं, 1976 मध्ये बाग लोकांना खुली झाली, 1984 मध्ये पद्मश्री. त्यांच्या बांगडीवाल्या बायका तिथे रांगेने उभ्या असतात, सगळ्या समोर बघत, ग्रुप फोटोला थांबल्यासारख्या. बघताना हसू येतं. कपबशीचा तुकडा तिथे कपबशीचाच राहतो, संगमरवर असल्याचा आव आणत नाही. मला यातलं हेच सर्वांत जमायला हवंय.

डावा हात पावसात गेला. संध्याकाळी गिलावा केला, रात्री सर आली आणि सकाळी कोपरापासून नुसती तार. ताडपत्री होती, पण ती लाकडांवर घातलेली. उजव्या हाताला सात दिवस ओली गोणी गुंडाळून ठेवली होती, तो दगडासारखा झालाय. डावा आता पडवीत वेगळा करतोय, मग तारेने जोडेन.

काल भांडी घासताना आईची एक बांगडी वाढली. तुकडे पडवीच्या कठड्यावर कागदात ठेवलेले होते. ‘मनगटाला लाव,’ म्हणाली, ‘पाठीला नको.’