आठवी ब आणि कृष्णविवर

10 सप्टेंबर 2008, बुधवार. घरोघरी गणपती बसलेले होते. प्रार्थनेआधी मी शिक्षकखोलीत हजेरीपट काढत होते, तर दारात आठवी ब मधली एक मुलगी उभी. वर्गात सहसा तोंड न उघडणारी. तिनं ग्रंथालयाचं पुस्तक पुढे केलं. मी उघडून पाहिलं तर मधोमध खुणेचं मोरपीस तसंच होतं.

"अर्धंच वाचलंस की. परत का करतेस?"

"आजी म्हणाली, कुणाचं देणं ठेवून जाऊ नये."

"कुठं जायचंय तुला?"

"बाई, आज ते मशीन सुरू होणार ना."

आदल्या दिवशीच पोरांची कुजबुज माझ्या कानावर आली होती. काही वाहिन्यांवर काळ्या भोवऱ्यात गरगरत जाणारी पृथ्वी दिवसभर दाखवत होते, वर उरलेल्या तासांची मोजणी. जिनिव्हाजवळ जमिनीखाली सुमारे 100 मीटरवर, 27 किलोमीटर घेराच्या बोगद्यातल्या 'लार्ज हॅड्रॉन कोलायडर' या यंत्रात सर्न या युरोपीय संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ प्रोटॉनचे, म्हणजे अणूच्या गाभ्यातल्या कणांचे, झोत सोडणार, त्यांच्या टकरीतून प्रकाशालाही न सोडणारं कृष्णविवर तयार होणार आणि ते पृथ्वी गिळणार, असं ते सांगणं. पण त्याची धास्ती एवढी असेल की पोर आपली उधारी फेडत फिरेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

वर्गात गेले. पटावर 54, हजर 31. कुणी वही उघडली नव्हती. मी फळ्यावरचं 'पाठ सहावा' पुसून टाकलं.

आमच्या शाळेच्या खिडकीतून खोडदच्या रेडिओ दुर्बिणीची एक डिश दिसते. 45 मीटर व्यासाची. अशा 30 आहेत, जवळपास निम्म्या खोडदला, बाकीच्या आसपासच्या गावांच्या शिवारांत पसरलेल्या. एका मुलानं तिकडे बोट दाखवलं. "बाई, आपल्या इथं पण तसंच करतात का?" म्हणजे भीती आता शेजारच्या शेतापर्यंत आली होती. मी म्हटलं, ती डिश काहीही सोडत नाही, नुसती ऐकते. दूरच्या आकाशगंगांच्या पोटात जी प्रचंड कृष्णविवरं आहेत, त्यांच्या आसपासून निघालेल्या रेडिओ लहरीही ऐकते. ती इतकी दूर आहेत की त्या लहरींना इथवर यायला लाखो-कोटी वर्षं लागली.

मग कृष्णविवराकडे वळले. 'शोषून घेतं' हा शब्दच घात करतो. ते काही विहिरीवरचा पंप नाही. ज्याचं वस्तुमान जेवढं, त्याची ओढ तेवढीच. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं, तर ते जेमतेम 6 किलोमीटर रुंद असेल. अंधार होईल, सगळं गोठेल, पण पृथ्वी आपल्या त्याच कक्षेत फिरत राहील. आणि पृथ्वीचंच कृष्णविवर करायचं तर? मी विचारलं, कुणाकडे गोटी आहे? एकानं चाचरत खिशातून काढून टेबलावर ठेवली. हिरव्या काचेची, आत पिवळी पाकळी. अख्खी पृथ्वी दाबून साधारण एवढीशी करावी लागेल. आणि तरीही चंद्र तिच्याभोवती तसाच फिरेल. आता दोन प्रोटॉन घ्या. या यंत्राच्या पुऱ्या ताकदीनं ते आपटले, तरी त्या टकरीतली ऊर्जा डझनभर उडत्या डासांइतकी. आणि आज तर टक्कर नाहीच. आज झोत बोगद्यातून फक्त फिरवून बघणार आहेत.

हे मला आदल्या रात्री माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीनं फोनवर समजावलं होतं. ती मुंबईत संशोधनात आहे. अशी इवली विवरं झालीच तर शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगच्या सिद्धांताप्रमाणे क्षणात विरून जातील, हेही तिनं सांगितलं. ते मी मुलांना मुद्दाम सांगितलं नाही. ते विरणं अजून कुणी पाहिलेलं नाही, आणि घाबरलेल्या पोराच्या हातात न पाहिलेल्या गोष्टीचा आधार देणं मला पटत नाही.

त्याऐवजी सगळ्यांना तळहात पसरायला सांगितले. अंतराळातून येणारे विश्वकिरण, म्हणजे अतिवेगवान कण, वर हवेवर आदळतात, तिथं टकरी होतात, आणि त्यातून निघालेले म्युऑन नावाचे कण खाली बरसतात. दर मिनिटाला, दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक. म्हणजे तुमच्या हातातून सेकंदाला जवळपास एक आत्ता आरपार जातोय. जिनिव्हात होणार त्याहून जोरदार टकरी आपल्या डोक्यावर पृथ्वी झाली तेव्हापासून चालू आहेत.

एकतीस हात बाकांवर पसरलेले. कुणी बोलत नव्हतं. काहींचे ओठ सेकंद मोजत होते. गणपतीच्या मांडवात पोरींनी एकमेकींना काढलेली मेंदी अजून उतरली नव्हती. दुपारचे दोन वाजत आले होते. नंतर वाचलं, की पहिला झोत आपल्या घड्याळानं 1 वाजून 58 मिनिटांनी पूर्ण फेरी मारून आला.

तेवढ्यात पुस्तकवाली उभी राहिली. "बाई, वरून येणारे जोरात असतात. त्यांच्यातून विवर झालंच तर ते पृथ्वीतून तसंच बाहेर निघून जाईल. यांचे तर समोरासमोर आपटणार. ते इथंच थांबलं तर?"

मी खडू खाली ठेवला. प्रश्न खरा होता आणि मला उत्तर येत नव्हतं. "उद्या सांगते," म्हटलं.

रात्री मैत्रिणीला तो प्रश्न सांगितला तर ती म्हणाली, "अगं, हीच शंका शास्त्रज्ञांनी घेतलीय, त्यावर याच वर्षी काम झालंय." उत्तर श्वेत बटू ताऱ्यांत आहे. सूर्याएवढं वस्तुमान पृथ्वीएवढ्या आकारात दाबलेलं. विश्वकिरण तिथंही आदळतात. तिथं असं विवर झालं असतं तर त्या दाट पदार्थातून ते सुटलं नसतं, आणि तारा आतून संपला असता. पण आकाशात असे म्हातारे तारे जागच्या जागी आहेत.

दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत मध्य प्रदेशातल्या एका सोळा वर्षांच्या मुलीबद्दल होतं. या बातम्या बघून बघून तिनं धसका घेतला आणि जीव दिला, असं तिच्या वडिलांनी सांगितलं होतं. ते वाचून माझे हातपाय गळाले. आठवी ब मधल्या त्या मुलीला आपली आजी होती, हातात परत करायला पुस्तक होतं, आणि दारात उभं राहून बोलायला माणूस होतं. ही पोर कुणाशी बोलली असेल? त्या संध्याकाळी मी गैरहजर पोरांपैकी जवळच्या वस्तीवरच्या सात घरी जाऊन आले. टोमॅटोच्या क्रेटवर बसून तीच गोटी, तेच तळहात.

माझ्या विद्यार्थिनीला मी सांगितलं, पहाटे ढग नसले तर पूर्व-दक्षिणेला व्याध बघ. त्याच्या शेजारी एक श्वेत बटू आहे, साध्या डोळ्यांना न दिसणारा. पुस्तक तिनं नेलं, मोरपिसासकट.

ते यंत्र 19 सप्टेंबरला बिघडलं आणि वर्षाहून जास्त काळ बंद राहिलं. तोवरच्या सर्वांत मोठ्या ऊर्जेची टक्कर झाली 30 मार्च 2010 ला. ती तेव्हा नववीत होती. मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीच्या दाराशी आली.

"बाई, आज मोठी टक्कर ना?"

"हो, आज."

"बरं," म्हणाली, आणि डबा खायला गेली.