आयोनाची वारी आणि डून ईची चढण

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळचं आयोना बेट जेमतेम पाच किलोमीटर लांब. इ.स. 563 मध्ये संत कोलंबा बारा सोबत्यांसह आयर्लंडहून इथे आला आणि त्याने मठ उभारला. ओबानहून बोटीने मल बेट, तिथून बसने फिनफर्ट आणि मग दहा मिनिटांची फेरीबोट. पाहुण्यांच्या गाड्यांना बेटावर मज्जाव, म्हणून धक्क्यापासूनच पायी.

पूर्ण वारी ही बेटाची प्रदक्षिणाच आहे. सेंट मार्टिनचा क्रॉस, जोगिणींच्या मठाचे अवशेष, दक्षिणेला कोलंबा उतरला तो गोट्यांचा किनारा, पश्चिमेचा गवताळ माळ, एकांतवासी साधूच्या खोपीचं दगडी कडं आणि मग डून ई ही टेकडी. सुमारे 11 किलोमीटर, अख्खा दिवस जातो. गोट्यांच्या किनाऱ्यावर आम्ही रीतीप्रमाणे एक दगड मनातलं ओझं म्हणून समुद्रात टाकतो आणि दुसरा नव्या संकल्पाचा म्हणून खिशात ठेवतो.

डून ईची उंची अवघी 101 मीटर. तेवढ्यावर विसंबून चपला घालून कुणी निघू नये, कारण जमीन बाराही महिने ओली असते. फक्त टेकडीच करायची तर मठापासून रस्त्याने उत्तरेला चालायचं, डावीकडे फाटक लागतं. आत मेंढ्या असतात, त्यामुळे फाटक मागे लावायचंच. पहिला टप्पा दलदलीचा. लुसलुशीत पोपटी शेवाळ दिसेल तिथे पाय घोट्यापर्यंत रुततो. तपकिरी गवताचे गड्डे किंवा उघडा खडक बघून पाऊल टाकावं. पुढचा खडक कोरडा असला की पकड छान देतो, पावसानंतर मात्र घसरतो. एक-दोन ठिकाणी हात टेकावे लागतात. मठापासून माथ्यापर्यंत अर्धा-पाऊण तास धरावा.

माथ्यावर दगडांची रास आणि भन्नाट वारा. हवा स्वच्छ असेल तर पूर्वेला मलचा 966 मीटरचा बेन मोर डोंगर, उत्तरेला स्टाफा बेट, त्यामागे रम आणि स्काय ही बेटं, दक्षिणेला जुरा बेटाचे डोंगर दिसतात. पश्चिमेला नुसता अटलांटिक! दिवसभर चाललेली सगळी वाट इथून पायाशी दिसते, म्हणून ही चढण शेवटी ठेवावी असं आमचं ठाम मत आहे.

बरेच जण राशीपाशी फोटो काढून परततात आणि चिरतारुण्याचं कुंड राहून जातं. ते माथ्याच्या उत्तरेला, थोडं खाली, खडकांच्या बेचक्यात आहे, छोटं, त्रिकोणी. या पाण्याने तोंड धुतात. साचलेलं पाणी आहे, मेंढ्याही फिरतात, तेव्हा पिऊ नये.

धुकं आलं की उतरताना सगळ्या घळी सारख्याच भासतात. पश्चिमेला कडे आहेत, तिकडे जाऊ नये. पूर्वेला उतरत राहिलं की रस्ता सापडतोच. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि त्यानेच माणसं फसतात: शेवटची बोट संध्याकाळीच सुटते. वेळ सकाळी धक्क्यावरच बघून ठेवावी. हिवाळ्यात फेऱ्या आणखी कमी.