कामाला वाघ आहे हो

रविवार, रात्री

माझा भाचा ओंकार बोका ज्युनियर्स या अर्जेंटिनाच्या फुटबॉल क्लबचा कट्टर चाहता आहे. ब्यूनस आयर्सच्या क्लबशी नाशिकच्या इंदिरानगरमधल्या पोराचा काय संबंध, असं कुणी विचारलं की तो मॅराडोनापासून सुरू होतो आणि रिकेल्मेपर्यंत जाऊन दम घेतो. तिकडची रात्रीची मॅच म्हणजे इकडे पहाट. गजर लावून उठतो आणि आईची बोलणी खातो. मी कॉलेजात गोलकीपर होते, त्यामुळे घरात फुटबॉलवर बोलायला त्याला मीच सापडते. आज सकाळी मात्र आमचं चांगलंच वाजलं.

टर्फवर खेळून झाल्यावर सगळी पोरं गंगापूर रोडला मिसळ खायला बसली होती. ओंकारला न्यायला गेले आणि मीही बसले त्यांच्यात. विषय होता सेबास्टियन व्हिलाचा. कोलंबियाचा विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने चढाई करणारा, २०१८ पासून बोकात. एप्रिल २०२० मध्ये त्याच्या तेव्हाच्या जोडीदार बाईने मारहाणीची तक्रार केली. निकाल लागला २ जून २०२३ ला: इजा करणं आणि धमकावणं सिद्ध, दोन वर्षं एक महिना कैद, पण शिक्षा स्थगित, म्हणजे प्रत्यक्ष तुरुंगात जायचं नाही. त्यानंतर बोकाने त्याला संघाबाहेर ठेवलं. तो बल्गेरियात बेरोए क्लबकडून खेळला आणि २०२४ मध्ये अर्जेंटिनात परतला, मेंडोझाच्या इंडिपेंडिएन्टे रिवादाविया क्लबकडे. आता ओंकारच्या मित्रांचं म्हणणं, असला खेळाडू बोकाने हातचा घालवायलाच नको होता.

"कोर्टानेच जेलमध्ये नाही टाकला, मग आपण कोण?" एक म्हणाला. दुसऱ्याचं, "घरातली भांडणं मैदानावर कशाला आणायची?" तिसरा जरा समजूतदार. त्याचं म्हणणं, शिक्षा झाली, विषय संपला, माणसाने पोट भरायचं की नाही? ओंकार म्हणाला, "मावशी, तू वकील आहेस म्हणून नुसती कायद्याची बाजू बघतेस. त्याचा वेग बघ ना."

त्याचा वेग बघ. तेव्हापासून दिवसभर हे वाक्य डोक्यातून गेलेलं नाही.

मी सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात वकिली करते आणि माझ्याकडची बरीचशी कामं कौटुंबिक हिंसाचाराची असतात. अर्जदार बाई बाहेरच्या बाकावर बसलेली असते. मांडीवर साडीच्या दुकानाची पिशवी, पिशवीत सिव्हिलचा केसपेपर, एक्स-रे, मुलांचे शाळेचे दाखले, आणि बहुतेक वेळा लग्नातला एक फोटो, कारण लग्न झालं होतं हेसुद्धा तिलाच दाखवून द्यावं लागेल असं कुणीतरी तिला सांगितलेलं असतं. थोड्या अंतरावर नवरा उभा असतो. त्याच्यासोबत कुणी ना कुणी येतंच. भाऊ असतो, गावचा माजी सरपंच असतो, नाहीतर सातपूर-अंबडच्या कंपनीतला सुपरवायझर. समेटाचं बोलायला तो पुढे होतो आणि माझ्याजवळ येऊन हमखास म्हणतो, "मॅडम, माणूस कामाला वाघ आहे हो. एक खाडा नाही त्याचा."

हे मी इतक्यांदा ऐकलंय की तो तोंड उघडण्याआधीच मला कळतं. खोटं बोलत नसतो तो. माणूस खरंच कामाला चांगला असतो. मशीनवर हात साफ, वेळेवर येणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण कामातल्या हुशारीची पावती घराच्या आतल्या वागण्यासाठी दाखवली जाते आणि आजूबाजूचे सगळे ती मान्यही करतात. बाकावर बसलेल्या बाईला काय वाटत असेल ते ऐकून? तिच्या पिशवीतला एक्स-रे आणि त्याचं हजेरीपत्रक एकाच तराजूत घातलं जातंय, हे तिला दिसत असतं. (आणि तिनेही आयुष्यात कामाला कधी खाडा केलेला नसतो. पण तिच्याबद्दल हे सांगायला कुणी सुपरवायझर येत नाही.)

ओंकार आणि त्याचे मित्र आज त्या सुपरवायझरसारखंच बोलत होते. वाईट पोरं नाहीत ती. आपल्या घरातल्या बाईवर कुणी हात उचलला तर पहिले धावून जातील. पण मिसळ संपेपर्यंत त्या बाईचा विषय एकदाच निघाला, तोही "पैशासाठी केलं असेल" एवढ्यापुरता. न्यायाधीशांनी पुरावा तपासून निकाल दिला, तरी ती अजून संशयात. आणि ज्याच्यावर गुन्हा सिद्ध झाला, त्याच्या पाससाठी आणि धावेसाठी हळहळ!

एक जण म्हणाला, हे सगळं तिकडचं आहे, परदेशातलं. मला राग आला, पण आवाज चढवला नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या लग्न झालेल्या सुमारे २९ टक्के बायकांनी नवऱ्याच्या हिंसेचा अनुभव सांगितलाय. ज्यांनी मार खाल्ला त्यांच्यातल्या तीन चतुर्थांशांहून जास्त जणींनी ना मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. आमच्या कोर्टाच्या बाकावर पोचते ती त्या उरलेल्यांमधली. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा आपला कायदा २००५ चा, अंमलात आला ऑक्टोबर २००६ मध्ये. पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढायचा प्रयत्न व्हावा, असं कलम १२ सांगतं. ते ६० दिवस किती लांबतात, ते बाकावर बसणाऱ्यांना विचारावं. आणि खेळाडूंचं म्हणाल, तर लिअँडर पेसबाबत वांद्र्याच्या महानगर दंडाधिकारी न्यायालयाने २०२२ मध्ये, त्याच्याकडून कौटुंबिक हिंसाचार झाला असं म्हणून दरमहा एक लाख रुपये पोटगीचा आदेश दिला होता. तो फौजदारी शिक्षेचा निकाल नव्हता, या कायद्याखालचा दिलासा होता. पण त्या दिवशी आपल्या टेबलांवर किती वेळ चर्चा झाली? मी ज्या ज्या पोरांना विचारलं, त्यांना माहीतही नव्हतं.

अमेरिकन फुटबॉलमधल्या रे राइसचं प्रकरण मी त्यांना सांगितलं. खेळ वेगळा, पण गोष्ट हीच. फेब्रुवारी २०१४, अटलांटिक सिटीतला कॅसिनो. होणाऱ्या बायकोला बेशुद्धावस्थेत लिफ्टबाहेर ओढताना तो कॅमेऱ्यात दिसला. ते चित्रण सगळ्या जगाने पाहिलं, आणि लीगने जुलैत शिक्षा दिली दोन सामन्यांची. सप्टेंबरमध्ये लिफ्टच्या आतलं चित्रण बाहेर आलं, ठोसा मारतानाचं. त्याच दिवशी त्याच्या संघाने, बाल्टिमोर रेव्हन्सने, करार मोडला, लीगने बेमुदत बंदी घातली. आता बघा, या मधल्या महिन्यांत घडलेल्या गोष्टीत काय बदल झाला होता? बाई आधीही बेशुद्धच होती. ती बेशुद्ध कशाने झाली असेल, असं या लोकांना वाटलं होतं? पुढे लवादाने ती बंदी उठवली, कारण एकाच गोष्टीसाठी दोनदा शिक्षा झाली होती. तरी त्याला कुणी संघात घेतलं नाही. त्याचा आधीचा मोसम सुमार गेला होता, हेही लक्षात ठेवायला हवं. फॉर्मात असता तर? मला उत्तर माहीत आहे असं वाटतं आणि ते आवडत नाही.

ब्राझीलमध्ये तर हद्द झाली. फ्लामेंगो क्लबचा गोलकीपर ब्रुनो, आपल्या मुलाच्या आईच्या खुनात २०१३ मध्ये २२ वर्षांची शिक्षा झालेला. २०१७ मध्ये अपील प्रलंबित असताना सुटला, तर बोआ एस्पोर्ते या छोट्या क्लबने लगेच करार केला. एकामागून एक प्रायोजक निघून गेले. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला परत आत पाठवलं. मी स्वतः गोलकीपर, म्हणून हे मला जास्तच लागतं. त्या ग्लोव्ह्जसाठी टाळ्या वाजवायला कुणाचे हात कसे उचलले जातात?

तो समजूतदार मुलगा मात्र मुद्द्याला धरून होता, आणि त्याचा मुद्दा मला टाळायचा नाही. शिक्षा भोगलेल्या माणसाला काम मिळालं पाहिजे. मी हे मनापासून मानते. माझ्याच पक्षकारांपैकी कितीतरी जणींची पोटगी नवऱ्याच्या नोकरीवर उभी आहे. त्याची नोकरी गेली तर पहिली उपाशी तीच राहणार. म्हणून व्हिलाने खेळू नये असं मी म्हणत नाही. पगार घेऊ दे, घाम गाळू दे. पण त्याच्या नावाचा गजर करणं, त्याचं नाव छापलेली जर्सी अंगात घालणं, पोरांना त्याच्याशेजारी उभं करून फोटो काढणं, हा त्याच्या पोटापाण्याचा भाग नाही. ते आपण आपल्या खुशीने देतो आणि आपल्या खुशीने थांबवू शकतो. तेवढं चाहत्याच्या हातात असतं, आणि ते कमी नाही.

परतताना गाडीत ओंकारने विचारलं, "मग किती वर्षं? कायमचं?"

वर्षं मोजून हे ठरत नाही, असं मी त्याला म्हटलं. माणसाने केलेलं स्वतःच्या तोंडाने कबूल केलं का, कोर्टाच्या अटी पाळल्या का, पुढच्या जोडीदाराशी तो कसा राहतो, आणि क्लबने करारात काही लिहून घेतलंय का, की पुन्हा तक्रार आली तर काय करायचं. हे सगळं बघूनच मी टाळीसाठी हात उचलीन.

कॉलेज रोडच्या सिग्नलला त्याने खरा अवघड प्रश्न काढला. तक्रार २०२० ची, निकाल २०२३ चा. मधल्या काळात व्हिला खेळतच होता, बोकाने २०२२ ची लीगही जिंकली. "निकालाआधीच बसवून ठेवायचा होता का? आणि निर्दोष सुटला असता तर?"

निर्दोष सुटण्याचा हक्क मी रोज कोर्टात मांडते, तो मला त्याच्याकडून शिकायचा नाही. पण सरकारी नोकरावर फौजदारी खटला चालू असेल तर त्याला निलंबित करता येतं. ते निलंबन म्हणजे शिक्षा धरत नाहीत. त्या काळात त्याला निर्वाह भत्ता मिळतो आणि निर्दोष सुटला तर तो कामावर परत येऊन थकलेला पगार मागू शकतो. लाखो रुपये कमावणाऱ्या विंगरला पगार चालू ठेवून निकालापर्यंत मैदानाबाहेर बसवलं असतं, तर त्याचं नेमकं काय बुडालं असतं? एखाद्या तलाठ्याला जो नियम लागतो तो विंगरला का नको, याचं उत्तर ओंकारने अजून दिलेलं नाही.