अण्णांच्या डोक्यातलं दुकान

सिंगापूरनं ७ फेब्रुवारी २०२० ला कोविडच्या साथीच्या धोक्याची पातळी नारिंगी, म्हणजे लालच्या खालोखालची, केली आणि त्याच संध्याकाळी तांदूळ, नूडल्स, टॉयलेट पेपरसाठी रांगा लागल्या. मला काळजी लागली होती लिटल इंडियातल्या अण्णांच्या मसाला-गिरणीची. मी त्यांचे हिशेब बघते.

लहान धंद्यांसाठी एंटरप्राइज सिंगापूर या सरकारी संस्थेनं साथीतही धंदा चालू ठेवण्याची योजना कशी आखायची याची मार्गदर्शिका काढली होती: माणसं, कामं, पुरवठादार-गिऱ्हाइकं, निरोपाची व्यवस्था. २००३ च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीत इथे ३३ जण गेले, त्यामुळे असल्या तयारीला इथे कोणी हसत नाही. मी ती घेऊन अण्णांकडे गेले.

"अण्णा, उद्या तुम्ही आला नाहीत तर?"

"मी का येणार नाही? तीस वर्षांत एकच सुट्टी घेतली, मुलीच्या लग्नाची."

गिरणीत माणसं पाच. दोन गट करा, एकमेकांत मिसळू देऊ नका, रोज दोनदा ताप मोजा, हे त्यांना लगेच पटलं. अडलं ते पुढे. धणे किती भाजायचे, कोणत्या खानावळीला सांबार पावडर किती तिखट लागते, कोणाची उधारी किती, सगळं अण्णांच्या डोक्यात. मोठ्या कंपनीत योजना म्हणजे जाडजूड फाइल असेल. लहान दुकानात ती म्हणजे मालकाच्या डोक्यातलं कागदावर उतरवणं, असं मला तेव्हापासून ठाम वाटतं. आठवडाभर दुपारी अण्णा बोलत होते आणि त्यांचा भाचा तमिळमध्ये वहीत लिहीत होता. भाजणीचा रंग शब्दांत सांगता येईना, तेव्हा अण्णांनी चिमूटभर धणे चिकटपट्टीनं पानावर डकवले.

१६ मार्चच्या रात्री मलेशियानं १८ पासून सीमा बंद करत असल्याचं जाहीर केलं. गिरणीतले दोघे रोज सीमेपलीकडच्या, मलेशियातल्या जोहोर बारूहून येत. घरी परतायचं की इथेच राहायचं, हे एका दिवसात ठरवायचं होतं. एकाची बायको बाळंतपणाला आलेली. तो परत गेला, आणि तेच योग्य होतं. दुसऱ्यासाठी अण्णांनी खोली बघितली. मालकांना अशा कामगारामागे रात्रीला ५० सिंगापूर डॉलर, १४ रात्रींपर्यंत सरकारनं दिले, त्याचा अर्ज मी भरला. पुढच्या आठवड्यात भारतात टाळेबंदी लागली आणि मिरचीचं ठरलेलं कंटेनर अडकलं. वहीत दुसऱ्या व्यापाऱ्याचा नंबर होता, पण तो भाव जास्त सांगत होता. अण्णांनी त्या भावानं माल घेतला. खानावळींना मात्र जुनाच दर लावला. मी विरोध केला होता.

७ एप्रिलला इथेही बहुतेक कामाची ठिकाणं बंद झाली. अन्नधान्याची दुकानं चालू होती, गिरणीही. आणि नेमके तेव्हाच एका बाधिताच्या संपर्कामुळे अण्णा १४ दिवस विलगीकरणात गेले. भाच्यानं वही उघडून भट्टी लावली.

मी त्या आठवड्यात गोडा मसाला दळायला दिला. दगडफुलाचा वास नेहमीसारखाच आला. वहीतलं ते एक पान मराठीत आहे, माझ्या अक्षरात. खाली भाच्यानं तमिळमध्ये अर्थ लिहून घेतलाय.