डाव्या बाजूने बोलताय तुम्ही

सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पाळी सोपवताना, रात्रपाळीच्या सिस्टरने चार नंबर बेड शेवटी घेतला. "झोपेचं औषध पहाटे पाचला बंद केलंय. डोळे उघडतात, पण आपण सांगतो त्यातलं काही करत नाहीत. सर म्हणाले, डोक्याचा सीटी स्कॅन करावा लागेल बहुतेक."

चार नंबरवरचे काका ६१ वर्षांचे. रक्ताचा कर्करोग, ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया. केमोचा पहिला कोर्स झाला होता. त्याला आम्ही 'सात-तीन' म्हणतो: सायटाराबीन सात दिवस सलग आणि डॉनोरुबिसिन तीन दिवस. ही औषधं अस्थिमज्जा जवळजवळ पुसून काढतात. त्यात रोगाच्या पेशी मरतात, तशा कामाच्याही मरतात. काकांच्या न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ९० वर आल्या होत्या. ५०० च्या खाली गेल्या आणि ताप आला, की पहिल्या तासाच्या आत अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. ते झालंही होतं. तरी संध्याकाळपर्यंत बीपी ७८/४० आणि श्वास मिनिटाला चाळीसच्या पुढे. मग आयसीयू, घशात श्वासाची नळी, व्हेंटिलेटर, बीपी टिकवायला नॉरॲड्रेनलिन. रक्ताच्या कल्चरमध्ये क्लेब्सिएला हा जंतू उगवला.

पाच दिवसांत बाकी सगळं सुधारत होतं. नॉरॲड कमी करत करत बंद व्हायला आलं होतं, लघवी चांगली होत होती. म्हणूनच औषध थांबवून जागं करून बघायचं ठरलं. रोज थोडा वेळ जागं केलं तर व्हेंटिलेटर लवकर सुटतो, हे आता सगळ्या आयसीयूत माहीत आहे.

मी डाव्या बाजूला उभी राहिले, कारण उजवीकडे व्हेंटिलेटर. वाकून म्हटलं, "काका, डोळे उघडा. माझा हात दाबा." डोळे उघडले. छताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा छताकडे. हात गार आणि सैल. "काका, पायाची बोटं हलवा." काही नाही. मोठ्याने सांगितलं, मग त्याहून मोठ्याने. बाहुल्या दोन्हीकडे सारख्या होत्या, प्रकाशाला प्रतिसाद देत होत्या. पण रक्त गोठवणारे प्लेटलेट सकाळी १४,००० होते. इतक्या कमी प्लेटलेटवर माणूस जागा होऊनही काही समजत नसेल, तर मेंदूत रक्तस्राव झाला असेल ही शंका आधी येते. मलाही तीच आली.

सीटीला नेणं म्हणजे छोटा व्हेंटिलेटर, पंप, ऑक्सिजनचा सिलिंडर, चार माणसं आणि लिफ्ट. ज्याच्या अंगात जंतूंशी लढायला पेशीच नाहीत, त्याला सगळ्या इमारतीतून फिरवून आणायचं. तरी नेणं भागच होतं. सरांनी मुलीला बोलावून समजावलं. तिच्याकडे एक वही होती. त्यात ती रोजचं क्रिएटिनिन (किडनीचा आकडा), प्लेटलेट, नॉरॲडचा डोस असं सगळं लिहून घ्यायची. सर बोलत होते, ती लिहीत होती आणि काकू तिच्या मागे पर्स पोटाशी धरून उभ्या होत्या. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात डॉक्टर आणि नातेवाईकांच्या अशा बैठका ध्वनिमुद्रित करून मोजल्या होत्या. ७१ टक्के वेळ डॉक्टर बोलत होते, २९ टक्के वेळ घरचे. आमच्याकडे त्या सकाळी २९ तरी होते का, शंका आहे. काकू तर पाच दिवसांत माझ्याशी दोन-तीन वाक्यांपलीकडे बोलल्या नव्हत्या. "बरं आहे ना?" आणि "येते."

सीटीला अजून पाऊण तास होता. नेण्याआधी एकदा बघून घ्या, म्हणून मी त्यांना गाऊन-मास्क घालून आत आणलं. एरवी भेट दहा मिनिटांची, तीही पायथ्याशी उभं राहून. त्या दिवशी मी जवळ येऊ दिलं. त्यांच्यासमोर पुन्हा एकदा प्रयत्न केला. "काका, काकू आल्यात बघा. हात दाबा माझा!"

काकू थोडा वेळ बघत राहिल्या. मग अगदी संकोचून म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही डाव्या बाजूने बोलताय."

"म्हणजे?"

"डावा कान लहानपणीच गेलाय यांचा. उजव्याला मशीन आहे." आणि त्यांनी गाऊनच्या आत हात घालून पर्स चाचपली. "माझ्याकडेच आहे. पहिल्या दिवशी तुम्हीच काढून दिलंत. चष्मा, दातांची कवळी आणि हे. सही घेतली होती माझी."

सही मीच घेतली होती. दाखल करताना एक कागद असतो, 'रुग्णाच्या वस्तू नातेवाइकांच्या ताब्यात दिल्या'. अंगठी, घड्याळ, कवळी, श्रवणयंत्र, सगळं एकाच ओळीत, एकाच पिशवीत. नळी घालायची घाई, बीपी पडलेलं, तेव्हा कोण विचार करतं. पण नंतरचे चार दिवस? केस पेपरवर 'ऐकू कमी येतं' हे वाक्य कुठेही नव्हतं. आधीच्या वॉर्डात ते लिहायची गरज पडली नव्हती, कारण तिथे यंत्र त्यांच्या कानात होतं.

मी काकूंना विचारलं, सांगितलं का नाही? त्या म्हणाल्या, "झोपलेल्या माणसाला काय ऐकायचं, म्हटलं. आणि तुम्ही सांगितलं होतंत, आत काही आणायचं नाही."

तेही मीच सांगितलं होतं.

सर आले. कान नीट पाहिला. जखम नाही, रक्त नाही. यंत्र अल्कोहोलच्या कापसाने पुसून घेतलं आणि लावायला गेलो, तर ते बंद. पाच दिवस पर्समध्ये ते बॅटरीचं झाकण बंद, म्हणजे चालू अवस्थेतच, पडलं होतं. या झिंक-एअर बॅटऱ्यांचं असं असतं, एकदा वरची चिकटपट्टी काढली की हवा लागते आणि वापरा न वापरा, ती उतरत जाते. यंत्र चालू राहिलं तर त्याहून लवकर. मुलीने वहीच्या मागच्या पानावर '३१२, तपकिरी पट्टी' लिहून घेतलं आणि जिन्याने धावत गेली. लिफ्टची वाट पाहिली नाही तिने. वीस मिनिटांत परत आली. तोपर्यंत आम्ही सगळे, म्हणजे सर, मी, ट्रॉली घेऊन आलेला वॉर्डबॉय मामा आणि सीटीवाल्यांचा दुसरा फोन, असे थांबलो होतो. आयसीयूत एखाद्या बॅटरीसाठी कोणी थांबल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

यंत्र कानात बसवलं आणि एक बारीक शिट्टी सुरू झाली. माझी मान आपोआप मॉनिटरकडे गेली, मग पंपाकडे, मग व्हेंटिलेटरकडे. मामा शेजारच्या बेडचा पंप बघायला लागला. मास्कच्या आत काकू हसल्याचं मला डोळ्यांवरून कळलं. "उशी लागली की वाजतं ते. घरी दिवसभर असंच." त्यांनी उशी बोटभर मागे सरकवली. शिट्टी थांबली.

मग त्या उजवीकडे, व्हेंटिलेटर आणि पलंग यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत शिरल्या. ओरडल्या नाहीत. नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, मी आलेय. सिस्टरांचा हात दाबा बघू."

दाबला. अशक्तपणे, पण दाबला. सरांनी दुसरा हात पुढे केला, तोही दाबला. पायाची बोटं दोन्हीकडे हलली. सरांनी आणखी दोनदा तपासलं, ताकद सारखी आहे का ते पाहिलं आणि सीटीला फोन करून सांगितलं, आत्ता नको, गरज वाटली तर संध्याकाळी बघू. मुलीने वहीत काहीतरी लिहिलं. आकडा नव्हता तो.

काका मात्र रडत होते. नळी असलेल्या माणसाच्या रडण्याला आवाज नसतो, फक्त व्हेंटिलेटरचा हाय-प्रेशर अलार्म वाजतो. पाच दिवसांपैकी किती वेळ ते जागे होते, मास्क घातलेली माणसं तोंडावर वाकून ओठ न दिसता काय बोलत होती, याचा मी त्या दिवशी फार विचार केला नाही. रात्री घरी गेल्यावर केला.

त्या दुपारपासून काकूंची दहा मिनिटं आम्ही मोजली नाहीत. नियम बदलला असं नाही, कोणी घड्याळ बघितलं नाही इतकंच. चष्मा आला. मुलीने पाटीवर मोठ्या अक्षरांत तारीख आणि 'हॉस्पिटल' असं लिहून समोर टांगलं. सहाव्या रात्री काका गोंधळले, सलाईन ओढायला लागले, तेव्हा रात्रपाळीने औषधाआधी यंत्र लावलं आणि काकूंना आत बोलावलं. सातव्या दिवशी न्यूट्रोफिल ७०० झाले आणि नळी निघाली.

आजार गेला की नाही, हे अजून कोणालाच सांगता येत नव्हतं. ते अस्थिमज्जेची तपासणी ठरवणार होती, आणि काकूंना ते माझ्याइतकंच ठाऊक होतं. नळी निघाल्यावर काकांचा घसा बसलेला. मी सवयीने ओरडून विचारलं, "काका, बरं वाटतंय का?" त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि कुजबुजले, "ओरडू नका. मशीन लावलंय."

संध्याकाळी ओव्हर देताना चार नंबर मी पहिला घेतला. डोस, लघवी, ऑक्सिजन सांगून झाल्यावर केस पेपरच्या वरच्या कोपऱ्यात लाल पेनने लिहिलं: उजव्या बाजूने बोलणे. रात्री यंत्र काढून बॅटरीचं झाकण उघडं ठेवणे. डबी काकूंकडे.